खारकेच्या मागे

महापेहून रात्रपाळी उरकून येतो
तेव्हा सात वाजून गेलेले असतात
आणि खिडकीच्या कट्ट्यावर खारीक बसलेली असते,
माझ्याकडे पाठ करून.
चपला काढायच्या आधी मी एक फोटो काढतो.
का, ते विचारू नका.
बायको म्हणते, लग्नातसुद्धा माझे एवढे निघाले नव्हते.

तीन वर्षांत एक हजार आठशे चाळीस.
निम्म्यांत नुसती शेपटी.
एकात जिभेचं टोक आत घ्यायचं विसरलेली,
तो मी कंपनीत सगळ्यांना दाखवला, वॉचमनलासुद्धा.
मोबाइल साधा, भिंगाला कोपऱ्यात तडा,
त्यामुळे माझ्या प्रत्येक सकाळीत डावीकडे
एक बारीक पांढरा केस.

बाकीचेही आहेत थोडे:
जाळीवरच्या गोकर्णीला उलटा लटकलेला शिंजीर,
सेक्टरातल्या नाल्यात एका पायावर बगळा,
उतू जाणारं दूध,
आधी फोटो, मग गॅस, आणि मग बोलणी.
लेकीचा पडलेला दात, काडेपेटीशेजारी ठेवून,
म्हणजे माप कळावं.
पण ते पाहुणे. घरचा विषय खारीक.

तिच्या मागे काय आहे ते मी कधी पाहिलंच नाही.
मागे म्हणजे समोर:
गल्लीपलीकडची माथाडींची इमारत,
साखर मागितली तर वाटी हातात देता येईल इतकी जवळ.
कोपरखैरण्यात असंच असतं.

गेल्या महिन्यात गिरणीत
समोरची वैजयंता शेडगे डबा खाली ठेवत म्हणाली,
"दादा, तुम्ही रोज सकाळी आमच्याकडे मोबाइल धरता."
मी गिरणीवाल्याहून पांढरा पडलो.
"मांजर," म्हटलं. "मांजराचे काढतो. शप्पथ."
"ठाऊक आहे. म्हणूनच विचारते.
आबा तिथंच बसायचे, पट्ट्यांच्या खुर्चीत.
आमच्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, दवाखान्याच्या कार्डावरचा.
त्यात ते आबा नाहीत."

त्या रात्री सुट्टी होती.
दोन बोटांनी एकेक सकाळ ताणत
मी खारकेच्या दोन कानांमधून पलीकडे शिरलो.
निळी बादली.
मग बादली नाही, लुगडं.
मग दांडीला कुणाचं तरी दप्तर.
मिरच्या, बहुतेक मिरच्याच.
मग एका जानेवारीत खुर्ची
आणि खुर्चीत एक मळकट पांढरेपणा.
पांढरेपणा बसतो. पांढरेपणा कपबशी धरतो.
फेब्रुवारीत उन्हाकडे सरकतो,
एप्रिलमध्ये त्याला कुणीतरी उठवतं.
मे महिन्यात नुसती खुर्ची.
खारीक मात्र सगळीकडे लख्ख, मिशा मोजून घ्या.

बहात्तर निघाले. चेहरा एकातही नाही.
पाठवताना लाज वाटली.
डाग पाठवतोय का कुणी कुणाला?

तिचं उत्तर पहाटे चारला आलं,
मार्केटात कांद्याच्या गाड्या लागतात त्या वेळेला.
"उजवा खांदा बघा.
तीस वर्षं गोणी उचलून तो तसाच उतरलेला.
सदरा कसाही शिवा, त्या बाजूला लोंबायचा.
हे आबाच."
थोड्या वेळाने आणखी एक ओळ:
"मांजर कापू नका. ते तिच्याशी बोलायचे."

काय बोलायचे, ते खारकेला माहीत.
माझी पावलं ओळखूनही
ती वळायची का नाही, एवढं मला कळलं.

आज आलो, मोबाइल धरला,
आणि पडद्यावर बोट तिच्यावर न टेकवता
तिच्या पलीकडे टेकवलं.
खुर्ची स्पष्ट झाली. हिरव्या पट्ट्या,
एक तुटलेली, सुतळीने बांधलेली.
वैजयंता दात घासत बाहेर आली,
फेसाच्या तोंडाने हातानेच नको नको म्हणाली,
आणि त्याच हाताने केस मागे सारले.

त्या फोटोत खारीक हललेली आहे.