धाव

शरणपूरच्या जुन्या दफ्तरात
वाळवीनं खाल्लं त्याहून जास्त उरलंय.
बुधवारी दुपारी मी एकेका पानाचा फोटो काढते,
पंखा बंद ठेवून. पानं उडत नाहीत, मोडतात.

अनुक्रम: बेचाळीस.
वय: अदमासे नऊ.
कोठून आला: समुद्रातून.
खाली बारीक अक्षरात, गुलामांच्या गलबतावरून सोडवून
मुंबईमार्गे नाशकास.
मूळ नाव: एक आडवी रेघ.
ठेवलेलं नाव: शास्त्रातल्या एका लहानशा पत्रातलं,
जे पळालेल्या दासाच्याच हाती दिलं होतं
त्याच्या धन्यासाठी.
अर्थ, उपयोगी.
मी ते नाव इथे उतरवत नाही.
त्याला कोणी विचारलं नव्हतं.

कसब: लोहारकाम.
साल ते, जेव्हा अमेरिकेत भाऊ भावावर तोफा डागत होता
आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला होता.
आग्रा रोडनं गाड्यांची रांग.
खिळखिळी चाकं आमच्या भट्टीवर थांबत.
पोरगा लाकडावर लालभडक धाव चढवी,
वर घागरभर पाणी.
लोखंड आवळे, लाकूड कण्हे.
तिकडची माणसं सुटावीत की नाही या भांडणावर
इकडचे बैल पळत होते,
आणि एक सुटलेला मुलगा चाकं बांधत होता.
हे त्याला कोणी सांगितलं का? दफ्तर गप्प.

फक्त एका समासात मास्तरांची फिकी शाई:
बेचाळीसने आज धड्यात विचारले,
तो परत गेला तेव्हा धन्याने दार उघडले काय.
पत्रात उत्तर नाही.
मीही दिले नाही.

गेल्या जानेवारीत जॉर्जियाहून एक बाई आल्या, ओडेसा,
पायात दुखऱ्या गुडघ्याचा पट्टा.
मी त्यांना ते पान वाचून दाखवलं.
म्हणाल्या, आमच्याकडे हेच पत्र वाचत,
पुढच्या बाकांवर बसणारे निवडून वाचत,
मागच्या माडीवर उभ्या असणाऱ्यांना.
माझी खापरपणजी तेवढ्यात उठून बाहेर जायची.
तिला अक्षर येत नव्हतं,
पण कुठलं पान उघडलंय ते कळायचं.
देव मात्र तिनं सोडला नाही.
तो त्यांच्याकडे कसा राहील, म्हणायची,
त्यानं तर एकदा अख्खी जमात समुद्रातून चालवत नेलीय.

मग त्यांनी माझं नाव विचारलं.
एलीशिबा प्रभुदास त्रिभुवन.
मधल्या नावाचा अर्थ?
मी अडखळले. प्रभूचा दास, म्हटलं,
आणि घाईनं आजोबांची गोष्ट सुरू केली:
नाव त्यांनी ठेवलं, मुद्दाम,
एक धनी नेमला की बाकीचे आपोआप रद्द.
पाटलाच्या ओट्यापुढे जोहार घालणं त्यांनी सोडलं
तेव्हा विहीर तर आधीच बंद होती,
गावानं वाटही बंद केली.
देवळात? बाईंनी विचारलं.
देवळातही काही वर्षं बाक ठरलेले होते, मी म्हटलं.
ते मी पाहुण्यांना सहसा सांगत नाही.

शरणपूर म्हणजे आश्रयाचं गाव, हे मी सांगितलं.
शरण म्हणजे हार पत्करणंही, हे नाही सांगितलं.
चहा आला होता. बशीत दोन खारी.

निघताना त्यांना मागची चिंच दाखवली.
फांदीला जुनी धाव टांगलेली आहे,
बैलगाडीच्या चाकाची,
रविवारशाळेची घंटा म्हणून वापरतो.
बेचाळीसची असेल? कोण जाणे.
भट्टीत आणखीही हात होते.

बाईंनी लोखंडी सळई उचलली,
माझ्याकडे पाहिलं.
वाजवा, म्हटलं.

एकच ठोका.
तो कंपाउंडच्या भिंतीपलीकडे रिक्षांच्या गोंगाटात गेला.
रविवार नव्हता, कोणी आलं नाही,
फक्त माळी वाकलेला सरळ झाला
आणि बाई तळहात लावून उभ्या राहिल्या धावेला,
ती थरथरायची थांबेपर्यंत.