पुन्हा सुटेल असा जोड

पहिल्या दिवशी टेंबे सरांनी शिकवलं ते एवढंच:
आपण जे लावू, ते उद्या कुणालाही काढता आलं पाहिजे.
डिंक, प्लास्टर, टाका, मत.
सगळं.

मग चौतीस वर्षं मी लावत राहिले, सुटेल अशा बेतानं.
नदीकाठच्या जुन्या गढीच्या मातीतून आलेली तोटीची मडकी,
तांबडी, वर काळ्या रेघा,
म्हणजे खरं तर पोतीभर तुकडे.
जेवण झालं की वाळूच्या ट्रेमध्ये एक तुकडा उभा रोवायचा
आणि त्याचा शेजारी शोधत बसायचं.
कधी अकरा दिवस.
कधी शेजारी नसतोच.
तिथं प्लास्टर भरायचं, रंग मुद्दाम एक छटा फिका,
सहा फुटांवरून कळू नये, सहा इंचांवरून लपू नये.
नवरा म्हणायचा, संसारालाही हाच नियम लाव.
लावला.
तो फार जवळून बघायचा.

तांब्याच्या नाण्यांना हिरवी पूड सुटते,
पिठीसाखरेसारखी, आणि एकाची दुसऱ्याला लागते.
तांबट आळीतले एक म्हातारे चहा पिता पिता बोलले,
"चिंचेनं घासा की, लख्ख होतील."
म्हटलं, काका, लख्ख झाली की ती मुकी होतात.
त्यांनी असं पाहिलं
जसं मलाच कल्हई लावायची राहिली आहे
आणि मी कळकले आहे.

ज्या वर्षी दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडाला
त्या वर्षी तळघरात पाणी आलं.
इरली, मासळीच्या टोपल्या, एक पावरी, रजिस्टरं.
पंखे लावून तीन रात्री जागलो.
इरलं पावसासाठीच विणलेलं,
ते भिजलं म्हणून मी रडकुंडीला आलेली बघून
शिपाई खैरनार हसत सुटला,
मग मीही.

हे सगळं सांगते आहे ते एक सांगायचं टाळण्यासाठी.

नोंद क्रमांक २१४. बोहाड्याचं सोंग. वेताळ.
लाकूड. पेठ तालुका. दाता अज्ञात.
नोकरीचं दुसरं वर्ष होतं, हात शिवशिवत होते.
कपाळावर काळा चिकट थर.
अहवालात लिहिलं: काजळी, तेल, मळ.
कापसाच्या दोनशे बोळ्यांनी तो उतरवला,
खालून पिवळा निघाला, हळदीसारखा.
सर खूश. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर वेताळ.

गेल्या थंडीत मनोहर थविल आला, एसटीनं.
मी हातमोजे दिले, त्यानं ते खिशात घातले.
बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
"आजा दर साली नाचायच्या आधी याच्या कपाळाला तेल लावायचा.
त्याच्या बापानं लावलेल्यावरच लावायचा.
मशालींचा धूर बसायचा त्यावर.
ते कुठं गेलं, मॅडम?"

मी कपाटाकडे पाहिलं.
ॲसिटोन, पॅरालॉइड, डिस्टिल्ड वॉटर,
लावलेलं काढायला सतरा बाटल्या.
बोळे नियमाप्रमाणे जाळले होते.

तो रागावला नाही.
रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
जाताना विचारलं,
"सीबीएसवरून पेठची शेवटची गाडी किती वाजता?"
तेही मला माहीत नव्हतं.

आज निकहतला चार्ज दिला.
तिला ट्रे दाखवले, वाळवी कुठून येते ती भिंत दाखवली,
आणि २१४चं पान उघडून खाली लिहिलं:
थर मळ नव्हता. तेल होतं, निदान दोन पिढ्यांचं.
काढणारी मीच. सही, तारीख.

रजिस्टरात दुरुस्ती पेन्सिलीनं करायची असते,
खोडता यावी म्हणून.
"मॅडम, शाईनं लिहिलंत," निकहत म्हणाली.

मी किल्ल्या मोजून दिल्या. तेवीस.
यादीत चोवीस आहेत.
ती एक कशाची होती, खरंच आठवत नाही.