कोण कोणाला बोलावतं

बॉयलरघराचा कोड एकोणिसशे ब्याण्णवचा,
एन्सिओ कार्प्पिनेनच्या हातचा.
अकरा हजार ओळी, टिपण एकच:
"इथे हात लावू नका. का ते सांगेन."
सांगायच्या आत गेला.

बाहेर उणे सत्तावीस. पोरोवेसी तळं
आतल्या आत तडकतंय,
आणि अख्ख्या ईसाल्मीचे रेडिएटर
या एका प्रोग्रामच्या भरवशावर ऊबदार.
सोमवारपर्यंत मला तो नव्या यंत्रावर न्यायचाय.

काळ्या पडद्यावर लिहिते: सीफ्लो,
एक मोकळी जागा, मग फाइलींची नावं.
एंटर.

डाव्या काठाला टेकून आधी 'मेन' उभा राहतो.
त्याच्याखाली, चार जागा आत सरकून, त्यानं बोलावलेले.
त्यांच्याखाली आणखी आत, त्यांनी बोलावलेले.
दाब वाचणारा. झडप उघडणारा.
वेळ विचारणारा, ज्याच्या पुढे कुणी नाही.
एक तर स्वतःलाच बोलावतो; त्याच्यापुढे खूण,
की हा वर येऊन गेलाय, तिकडेच बघा.

एन्सिओचं अक्षर मी कधी पाहिलं नाही.
पण माणूस कुठे थकला ते या समासावरून कळतं:
सहाव्या पायरीनंतर नावं आखडत जातात,
तपास, तपास दोन, तपास पुन्हा,
आणि शेवटी नुसतं एक 'त'.

मग तीच यादी उलटी मागवते.
आता प्रत्येक नावाखाली त्याला हाक मारणारे.
झडपेला सात जण. दाबाला बावीस.
एका नावाखाली कोरं.

हेराता_एन्सिओ.
एन्सिओला उठव.
(खरं तर 'हेरॅतॅ'. पण सीमध्ये
आमच्या अक्षरांवरचे ठिपके चालत नाहीत.)
आत एक मोडेम, एक घरचा नंबर, जोडणी तोडायच्या आधी
वीस सेकंदांची वाट.

ज्याला कुणी बोलावत नाही ते काढून टाकायचं,
असा आमच्यात रिवाज.
डिलीटवर बोट ठेवलं. उचललं.
का कोण जाणे, तोच नंबर फिरवला. दुपारचे दोन.

"कार्प्पिनेन." बाईंचा आवाज. लेम्पी.
कोण, कुठली, काय काम, सगळं सांगितलं.
त्या म्हणाल्या, "अगं, येतो की फोन अजून.
थंडी कडक पडली की पहाटे तीनच्या सुमाराला.
बोलत कुणी नाही, नुसतं किरकिरतं.
मंगळवारीही आला.
मी म्हणते, उठले रे.
मग चुलीत एक ओंडका सारते, कॉफी ठेवते."
नऊ वर्षं झाली त्याला जाऊन.

नोंदी काढल्या. मंगळवार, तीन वाजून सात, दाब खाली.

यादी खोटं बोलत नव्हती.
नाव घेऊन त्याला खरंच कुणी हाक मारत नव्हतं.
पण गजरांच्या तक्त्यात, अकराव्या घरात,
त्याचा नुसता पत्ता होता.
दाब ढासळला की प्रोग्राम घरं मोजतो,
पत्त्यावर जाऊन थडकतो,
तिथे राहतं कोण, हे न विचारता.
सीफ्लोला हाका ऐकू येतात.
पत्त्यांवर कोण कधी जाईल, ते त्याच्या कानापलीकडचं.

नव्या यंत्राला मोडेम नाही.
वरिष्ठ म्हणाला, गजर सरळ माझ्या मोबाइलवर घे.
त्याचं बरोबरच आहे.
शुक्रवारी रात्री दहा घरं हलवून झाली.

शनिवारी लेम्पींना पुन्हा फोन केला.
म्हटलं, सोमवारपासून ते बंद होईल,
तुमची झोपमोड टळेल.
बराच वेळ पलीकडून काही नाही. कपबशीचा आवाज.
मग त्यांनी विचारलं,
"सोमवारी थंडी किती सांगितलीय?"