वेळ लावणारा

शंभर मीटरसाठी घेतलेलं हे घड्याळ
चौतीस वर्षं शाळेच्या मैदानावर पळालं.
निवृत्तीनंतर खिशातून पहिल्यांदा निघालं
ते कोपरखैरण्यात, आमच्या संस्थेच्या सभागृहात,
वाकळ शिवायच्या स्पर्धेला.

फलकावर मात्र गोधडी लिहायचं ठरलं,
कारण खाडी गटाच्या म्हात्रेबाईंना वाकळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं
आणि जावळीकडच्या बायकांना
ते समजावत बसायला सवड नव्हती.

चार टेबलं. टेबलाला चौघी. पाऊण तास.
दीड हात लांब, दीड हात रुंद, थर निदान तीन.
मशीन नाही. चष्मा चालेल.
टाके मोजायला बचत गटाच्या खजिनदार, फूटपट्टीसकट.

शिट्टी मारली.
माझ्या शिट्टीमागे धूळ उडायची सवय मला;
इथं नुसत्या सोळा माना खाली गेल्या
आणि पंख्याचा आवाज मोठा झाला.

मग सेक्रेटरी बर्गे माईकवर सुटले,
कबड्डीसारखे:
“कास गटानं कड धरलेली आहे,
कोयना गटाचा दोरा गुंतला, गुंतला,
खाडी गट अस्तरावर!”
पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. कुणी ताट वाजवलं.
एक आजोबा, कुणाच्या बाजूनं ते कळेना, नुसतेच “हाण!” म्हणत होते.

तीन नंबरच्या टेबलावर तारूबाई सपकाळ.
कापड म्हणून नवऱ्याचा शर्ट आणलेला,
कांद्याची गोणी उचलून उचलून
उजव्या खांद्यावर जाळी झालेला.
नेमका तोच भाग त्यांनी दुमडून मधोमध लावला.
मागच्या रांगेतून नवरा म्हणाला, “अगं, तो चांगला व्हता!”
त्यांनी वर पाहिलं नाही.
टाका एवढा बारीक की खजिनदारबाईंची पट्टी
दोन रेघांच्या मध्येच अडली.

मी जवळ जाऊन म्हटलं, “बाई, वीस मिनिटं राहिली.”
“आमच्यात एका वाकळंला दिवाळी ते शिमगा लागतो, गुरुजी,” त्या म्हणाल्या.
“घाई कुणाला हाय? थंडीला?”
मी खिडकीबाहेर पाहिलं.
डिसेंबरातही शेजारच्या इमारतीत सगळे एसी थेंब गाळत होते.

शेवटची तीन मिनिटं मात्र त्याही पळाल्या.
काय झालं कोण जाणे, बर्गेंचा आवाज असेल,
ताटं असतील, किंवा पार्टे वहिनी कानाशी
“आत्या, कुकर हाय पयलं बक्षीस” म्हणाल्या म्हणून असेल.
सुई खाली, सुई वर,
आयुष्यात पहिल्यांदा तारूबाई
न बघता शिवत होत्या.

शिट्टी. हात वर.
चौघी उठल्या. तारूबाई उठल्या.
त्यांच्याबरोबर गोधडीही उठली.

निऱ्यांना शिवली गेली होती, नीट,
सरळ रेषेत, तेहतीस टाके.

हसू आवरेना. बर्गेंनी माईक खाली ठेवला.
कुणी कात्री पुढे केली.
“लुगडं कापू नका,” नवरा.
“टाका तोडू नका,” तारूबाई.
पहिला नंबर कास गटाला गेला, रीतसर,
कुकरबरोबर शिट्टी वेगळी पिशवीत बांधून.

आणि या निघाल्या,
पुढे दीड हाताची वाकळ लोंबकळत,
दोन बाजूंनी दोघी जणी ती उचलून धरलेल्या,
नवरीचा शेला सावरावा तशा,
जिना उतरून, गिरणीसमोरून, बी-बारापर्यंत.
रिक्षावाल्यानं ब्रेक मारला, हॉर्न नाही वाजवला.

मला निकालपत्रक भरायचं होतं.
टेबल तीन पुढे लिहिलं:
“वेळेत पूर्ण. वस्तू स्पर्धकापासून विलग होत नाही.”
शेऱ्याच्या रकान्यात काही सुचेना.

रात्री सदरा खुंटीला लावताना
खिशात काहीतरी टिकटिकलं.
घड्याळ बंद करायचं राहिलंच होतं.
सहा तास, चाळीस मिनिटं, आणि पुढे चालूच.
बोट बटणावर ठेवलं,
आणि तसंच थोडा वेळ ठेवून बसलो.