आडवा वारा

लॉगबुकात अकरा महिने एक ओळ नाही.
त्याआधीचं शेवटचं उड्डाण आकुरेरीचं: ढग खाली,
आणि पोट मध्ये, म्हणून सुकाणू हात लांबवून धरलेलं.

गेल्या आठवड्यात सिम्युलेटरमध्ये इंजिन पेटलं, विझवलं. पास.
आज गणवेश. कमरेचं बटण लागेना,
सेफ्टी पिन लावली.
इल्फा अंगणात, बाबागाडीत, लोकरीत गुंडाळलेली,
उणे दोनमध्ये गाढ.
इथली सगळीच मुलं अशी झोपतात.
थोरिरनं खिडकीतून हात हलवला. त्याची रजा आजपासून.

इसाफ्योर्दुरला डोंगर इतके जवळ येतात
की खडकावरचं शेवाळ दिसावं.
वळण घेतलं. वारा आडवा, पस्तीस नॉट.
शेजारी स्काप्ती, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, गप्प.
आणि नेमका तेव्हाच पान्हा फुटला.
शर्टाच्या आत ऊन ऊन, दोन्हीकडे.
घड्याळ बघायची गरज नव्हती:
ती उठली असणार.

"परत वर," मी म्हणाले. आवाज सपाट.
चाकं आत. डोंगर पोटाखालून सरकला.
एकतीस माणसं, टोमॅटोची खोकी,
कुणालाच पोचवता आलं नाही.

रेक्याविकला स्काप्तीनं, माझ्याकडे न बघता,
आपलं जाकीट पुढे केलं.
घेतलं.

सामानाच्या खोलीत पंपाची घरघर.
बाटलीवर तारीख लिहिली, मग त्याच पेनानं
लॉगबुकात: एक तास वीस मिनिटं.
'कुठे उतरलो' या रकान्याशी
पेन जरा थांबलं.
निघालो तिथेच, असं लिहितात ना?