नाचणकर, तू विचारलंस म्हणून

'तात्या, मी कोणासारखा खेळतो?'
तू विचारलंस
आणि मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

त्रेचाळीस वर्षं गुण लिहितोय प्रभादेवीत.
आधी टेबलाच्या एका पायाखाली वीट असायची,
समोर चाळणीने चाळलेली, पाणी मारलेली माती.
आता निळी मॅट, आणि तुमच्या बुटांचा
तो पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज.
बाकडं मात्र तेच.
पोरगं दोन चढायांत चार गुण घेऊन आलं
की बाकड्यावरून कोणीतरी म्हणणारच,
हा आपला परुळेकर.
तो काटकुळा, हाताने लांब, तो दुसरा अंतू धुरी.
नायगावची ती मुलगी, चवड्यावर झडप घालते
आणि उठताना कोणाकडे बघतसुद्धा नाही,
थेट जयवंती टेमकर!
मिशी फुटायच्या आत
पोरांना आडनाव बदलून मिळतं.

मीही त्यातलाच.
वहीच्या समासात माझ्याच अक्षरात आहे:
'नाचणकर. बाबलचं वळण.'

कारण तुझं ते डावीकडे झुकून खोल शिरणं,
मग एकदम थांबणं, जसं काही विसरलंय घरी,
मग टाच मागे टाकून कोपऱ्याला शिवणं,
बाबल परुळेकर अगदी असाच शिवायचा.
कोपरारक्षकाला कळेपर्यंत
तो मध्यरेषेपलीकडे
दंडाची माती झटकत उभा.

आता ऐक, हे वहीत नाही.
बाबल ज्या चाळीत खेळायला शिकला
तिथे अंगणाच्या उजव्या अंगाला नळ होता,
नळाला सिमेंटची कड.
उजवीकडून शिरलं की गुडघा फुटलाच.
म्हणून डावीकडून.
आणि ते थांबणं,
जे तुम्ही मोबाईलवर हळू करून करून बघता,
ते?
दम पुरायचा नाही त्याला.
कांडीखात्यात रात्रपाळी करून तसाच यायचा,
छातीत कापूस.
तोंडातली कबड्डी तुटू नये म्हणून
पाय थांबवायचा.
आम्ही टाळ्या वाजवायचो.

मागच्या मे महिन्यात काठी टेकत आला होता.
तिकडे, मीटरच्या खोलीपाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत.
तुझी चढाई सुरू होती.
मी म्हटलं, 'बाबल, बघ, तूच.'
त्याने बराच वेळ बघितलं.
मग म्हणाला,
'याला कुठे नळ आहे?'

चहा आला. बशीत ओतून प्यायला.
म्हणाला, मला सगळे शिवा आंगण्यासारखा म्हणायचे.
शिवाला मी उभ्या जन्मात पाहिला नाही रे,
मी खेळायला लागलो तेव्हा तो दुबईला गेला होता.
पण लोक म्हणतात म्हटल्यावर
मीही शिवासारखी मान हलवायला लागलो.
हलवायचा का तो मान, देव जाणे.

तर मी तुला काय सांगू?
बाबलसारखा खेळतोस म्हणालो
तर रात्री आरशासमोर थांबायचा सराव करशील,
आणि तुझी छाती तर एवढी मोकळी,
पहाटे दादरच्या चौपाटीवर धावतोस, मी बघतो.
नाही म्हणालो
तर तोंड पाडून घरी जाशील.

शनिवारी उपांत्य फेरीत, शेवटची दोन मिनिटं,
तुझा पाय घसरला की तू मुद्दाम गेलास,
मला टेबलावरून दिसलं नाही.
पण तू उजवीकडून शिरलास.
थांबला नाहीस.
तिघांच्या मधून, खांदा आधी, पाय नंतर,
हे काय आहे ते कोणालाच कळेना,
आणि मग त्यांनी तुला मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे
दाबून धरलं.

गुण त्यांचा. मी लिहिला तसा.
तू मान खाली घालून बाहेर गेलास,
म्हणून तुला दिसलं नसेल:
बाकड्यावर सगळे तोंड उघडून बसले होते
आणि कोणालाच
कोणाचं नाव आठवत नव्हतं.