रिंग क्रमांक ११४७

शुक्रवारी मेट्रो दुपारी सुरू होते, नमाज आटोपल्यावर.
मी उलट्या तोंडाच्या सीटवर बसतो,
म्हणजे गेलेलं दिसत राहतं.

चार वर्षं मी या मार्गाच्या वर उभा होतो.
आत नव्हे, वर.
नजमाच्या गल्लीत, तिपाईवर टोटल स्टेशन लावून.
(हे माझ्या यंत्राचं नाव. त्या स्टेशनात कोणी उतरत नाही.)
खाली दुसरं यंत्र दगड खात सरकतंय
आणि वर इराणी शिंप्याचं दुकान
किती खचलं, किती कललं,
दर दोन तासांनी, मिलिमीटरमध्ये.

शून्य पूर्णांक चार.
शून्य पूर्णांक सहा.
माझी तिशी अशी दशांशचिन्हाच्या उजवीकडे गेली.

फरामर्झ स्वतःच्या भिंतीतली भेग
टेपनं मोजायचा, कापड मोजावं तशी,
आणि माझ्या आकड्याशी ताडून बघायचा.
"मेरी टेप कम झूठ बोलती," म्हणायचा.
चहा मात्र द्यायचाच.
पिवळ्या मर्यादेनंतर तांबडी येते
हे मी त्याला कधी बोललो नाही.

मग अकराशे सत्तेचाळीसाव्या रिंगपाशी पाणी आलं.
खारं. समुद्र दोन किलोमीटर लांब असून.
अकरा दिवस यंत्र गप्प.
पंपावरचा टेकबहादूर बोट बुडवून चव घ्यायचा,
आज जास्त खारट, आज कमी,
आणि कुरामोची साहेब ते गंभीरपणे वहीत उतरवायचे.

साहेब जपानातल्या एका नदीखालची लाइन बांधून आलेले;
सुरू त्यांच्या वडिलांनी केलेली.
मी विचारलं, किती वर्षं लागली?
"अजून दोन स्टेशनं राहिलीत,"
कोणी सांगावं तसं, की आंघोळ राहिलीय.

अकराव्या रात्री सिमेंटनं पकड घेतली.
सकाळी दुकानाचा आकडा: सात पूर्णांक दोन.
तांबडी.
नोटीस मीच नेली, अहवालावर सही माझी होती ना.
त्यानं वाचली नाही.
गळ्यातली टेप काढली, माझे खांदे मोजले, मग बाही,
आणि शिंप्याच्या खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं
फारसी आकड्यांत.
भेगेच्या शेजारीच.

आता इथेच कुठेतरी.
या वेगात रिंगा मोजणं शक्य नाही, तरी ओठ हलतात.
समोर एक फिलिपिनो नर्स झोपलीय, तोंड उघडं,
पायांत पिशवी, पिशवीत कोथिंबीर.
गाडी किंचित डावीकडे कलते.
कोणाच्या लक्षात येत नाही, येऊ नये असंच बांधलंय.

दुकानाच्या जागी सरकता जिना आहे.
भिंत नाही, त्यामुळे भेगही नाही.
माझ्या खांद्यांचं माप भरावात गेलं,
कुठल्या रस्त्याखाली, ते कुठल्याच नकाशात नाही.

"भाई, साइड," मागून कोणीतरी.
मी सरकतो.
साधारण चारशे मिलिमीटर.